१८५२ चा लंडन करार : डेन्मार्कचा वारसाहक्क आणि श्लेस्विग-होल्स्टाइनचा प्रश्न

प्रस्तावना :

राजेशाहीच्या काळात एखाद्या गादीला वारस नसणे ही केवळ त्या राजघराण्याची अडचण राहत नसे. राजाच्या मृत्यूबरोबर त्याच्या ताब्यातील प्रदेशांचे भवितव्य अनिश्चित होई आणि शेजारच्या सत्तांचा त्या प्रदेशांवर डोळा असे. त्यामुळे राजा हयात असतानाच त्याच्या वारशाची व्यवस्था इतर राष्ट्रांनी आपसांत ठरवून टाकण्याची प्रथा युरोपात रूढ झाली. निपुत्रिक असलेल्या स्पेनच्या दुसऱ्या चार्ल्सच्या साम्राज्याची वाटणी फ्रान्सचा चौदावा लुई आणि इंग्लंडचा तिसरा विल्यम यांनी १६९८ व १७०० अशी दोनदा केली. दोन्ही वेळा माद्रिदला विचारण्याची गरज त्यांना भासली नाही. पहिल्या तहात निवडलेला बव्हेरियाचा बालराजपुत्र १६९९ मध्ये मरण पावला आणि दुसरा तह दुसऱ्या चार्ल्सच्या मृत्युपत्राने निष्फळ केला. पुढे ऑस्ट्रियाच्या सहाव्या चार्ल्सने १७१३ चा आपला वारसाविषयक निर्बंध युरोपातील राजांकडून मान्य करून घेण्यात अनेक वर्षे घालवली. त्याच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच, डिसेंबर १७४० मध्ये, प्रशियाचे सैन्य सायलेशियात शिरले.

या परंपरेतील एकोणिसाव्या शतकातील सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ८ मे १८५२ रोजी लंडन येथे झालेला डेन्मार्कच्या वारसाहक्काविषयीचा करार होय. पाच महासत्ता आणि स्वीडन-नॉर्वे यांनी मान्य केलेला हा करार बारा वर्षेही टिकला नाही. तो मोडला याचे श्रेय वा दोष बहुतेक ग्रंथांत बिस्मार्कच्या मुत्सद्देगिरीला दिला जातो. ते खोटे नाही. परंतु कराराची कलमे बारकाईने वाचली असता असे दिसते की, बिस्मार्कने ज्या फटींचा उपयोग केला त्या फटी करार करणाऱ्यांनीच ठेवलेल्या होत्या. राजा कोण होणार हे कराराने ठरवले. त्या राजाने कोणत्या कायद्याने आणि कोणाच्या संमतीने राज्य करावयाचे हा खरा वाद मात्र त्याने बाजूलाच ठेवला.

वादाचे स्वरूप :

डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली मूळ राज्याखेरीज श्लेस्विग, होल्स्टाइन आणि लाउएनबुर्ग या तीन डची, म्हणजे ड्यूकच्या अधिकाराखालील प्रदेश, होते. या तिन्ही ठिकाणी तो राजा म्हणून नव्हे तर ड्यूक म्हणून राज्य करीत असे. श्लेस्विग हे मुळात डॅनिश राजमुकुटाचे मांडलिक क्षेत्र होते. होल्स्टाइन मात्र जुन्या जर्मन साम्राज्याचा भाग असून १८१५ नंतर ते जर्मन राज्यसंघाचे घटक बनले. त्यामुळे डेन्मार्कचा राजा होल्स्टाइनचा ड्यूक या नात्याने जर्मन राज्यसंघाचाही सदस्य होता. लाउएनबुर्ग १८१५ मध्ये डेन्मार्ककडे आले आणि तेही राज्यसंघात होते. भाषेचा विचार करता होल्स्टाइन जर्मनभाषक होते. श्लेस्विगच्या उत्तर भागात डॅनिश, दक्षिण भागात जर्मन, पश्चिम किनाऱ्यावर फ्रिजियन आणि मध्यभागी या सर्वांची सरमिसळ असे चित्र होते.

हे दोन प्रदेश परस्परांशी बांधले गेले ते १४६० मध्ये. त्या वर्षी रीबे येथे तेथील सरदारवर्गाने डेन्मार्कच्या पहिल्या ख्रिश्चनला आपला शासक म्हणून निवडले आणि त्या बदल्यात त्याने दिलेल्या सनदेत दोन्ही प्रदेश कायम अविभक्त राहतील असे आश्वासन होते. मूळ संदर्भात हा शब्दप्रयोग सरदारांच्या आपसांतील शांततेशी निगडित होता. चार शतकांनंतर जर्मन राष्ट्रवाद्यांनी त्याला घोषवाक्याचे रूप दिले. एखाद्या मध्ययुगीन कागदातील ओळ संदर्भापासून सुटून कशी राजकीय शस्त्र बनते याचा हा नमुनाच म्हणावा लागेल.

वारसाहक्काच्या नियमांतील तफावत ही यापुढची अडचण. १६६५ च्या राजकायद्यानुसार डेन्मार्कमध्ये पुरुषवंश खुंटल्यास गादी स्त्रीवंशाकडे जाऊ शकत होती. होल्स्टाइनमध्ये मात्र केवळ पुरुषवंशाचाच हक्क चालतो असे जर्मन कायदेपंडितांचे म्हणणे होते. श्लेस्विगला कोणता नियम लागू, हा तर वादाचा गाभाच होता. १७२१ मध्ये श्लेस्विगमधील गोटोर्प घराण्याचा हिस्सा राजाने आपल्याकडे घेऊन तेथील लोकांकडून निष्ठेची शपथ घेतली, तेव्हापासून राजकायदा तेथे लागू झाला असा डॅनिश पक्ष होता. त्या शपथेने प्रदेश मिळाला, वारसाचा क्रम बदलला नाही, असा जर्मन पक्ष होता. १८३० आणि १८४० च्या दशकांत हा वाद राजघराण्याच्या दृष्टीने निकडीचा बनला, कारण राजपुत्र फ्रेडरिक याला अपत्य नव्हते. डॅनिश नियमाने गादी त्याची आत्या शार्लोट हिच्या हेसे घराण्यातील वंशजांकडे गेली असती. जर्मन नियमाने दोन्ही डचींवर ऑगस्टेनबुर्गचा ड्यूक ख्रिश्चन आउगुस्ट याने हक्क सांगितला असता. म्हणजे राजाच्या मृत्यूबरोबर राज्य दुभंगणे अटळ दिसत होते.

८ जुलै १८४६ रोजी आठव्या ख्रिश्चनने एक जाहीर पत्र काढून राजकायदा संपूर्ण श्लेस्विगला लागू असल्याचे घोषित केले. होल्स्टाइनच्या काही भागांबाबत शंका असल्याचे त्याने त्याच पत्रात मान्य केले. शंका मिटवण्यासाठी काढलेल्या या पत्राने दोन्ही डचींत असंतोषाची लाट उसळली.

युद्ध आणि वाटाघाटी :

जानेवारी १८४८ मध्ये सातवा फ्रेडरिक गादीवर आला. मार्चमध्ये कोपनहेगनमध्ये आयडर नदीपर्यंतचा प्रदेश डेन्मार्कचा मानणारे राष्ट्रीय उदारमतवादी सत्तेत आले, तर कील येथे बंडखोरांनी हंगामी सरकार स्थापन केले. प्रशियाचे सैन्य डचींच्या मदतीला धावले. युद्धविराम, पुन्हा युद्ध आणि पुन्हा युद्धविराम असा हा संघर्ष १८५१ च्या आरंभापर्यंत चालला. त्याच्या लष्करी तपशिलात येथे शिरण्याचे कारण नाही. महत्त्वाचे हे की, प्रशियाला माघार घ्यावी लागली ती प्रामुख्याने रशिया आणि ब्रिटन यांच्या दडपणामुळे.

या दोन सत्तांना डेन्मार्कविषयी जिव्हाळा होता असे नाही. बाल्टिक समुद्रात शिरण्याची वाट डॅनिश सामुद्रधुन्यांतून जाते आणि कीलसारखे उत्तम बंदर होल्स्टाइनमध्ये होते. ही वाट एखाद्या मोठ्या सत्तेच्या हाती जाऊ नये, ती एका दुर्बल पण अखंड राज्याच्या ताब्यात राहावी, यात दोघांचेही हित होते. २ ऑगस्ट १८५० रोजी लंडनमध्ये झालेल्या पहिल्या संधिपत्रात डॅनिश राज्याची अखंडता हे युरोपच्या हिताचे तत्त्व म्हणून नोंदवले गेले. प्रशियाने त्यावर सही केली नव्हती.

तत्त्व ठरले, आता माणूस हवा होता. निवड झाली ती ग्ल्युक्सबुर्ग शाखेतील ख्रिश्चन या राजपुत्राची. स्वतःच्या वंशक्रमाने त्याचा हक्क दूरचा होता. परंतु त्याची पत्नी लुईजा ही शार्लोटची कन्या होती आणि बंडाच्या काळात तो डेन्मार्कशी एकनिष्ठ राहिला होता. १८५१ मध्ये शार्लोट आणि तिच्या इतर वारसांनी आपले हक्क लुईजाच्या बाजूने सोडले व लुईजाने ते पतीला दिले. रशियाचा झार पहिला निकोलस हा गोटोर्प घराण्याच्या ज्येष्ठ शाखेचा प्रमुख होता. त्यानेही त्याच वर्षी वॉर्सा येथील संधिपत्राद्वारे ख्रिश्चनच्या बाजूने माघार घेतली, मात्र ख्रिश्चनचा पुरुषवंश खुंटल्यास आपला हक्क पुन्हा जागा होईल अशी तरतूद करून. झारने दिलेल्या या देणगीला दोरी बांधलेली होती हे लंडनमध्ये अनेकांच्या लक्षात आले होते.

ऑस्ट्रिया आणि प्रशिया यांची संमती मिळवण्यासाठी डेन्मार्कला वेगळी किंमत मोजावी लागली. डिसेंबर १८५१ व जानेवारी १८५२ मधील पत्रव्यवहारात डॅनिश सरकारने वचन दिले की, श्लेस्विग मूळ राज्यात विलीन केले जाणार नाही आणि होल्स्टाइनपेक्षा अधिक घट्टपणे त्याच्याशी जोडलेही जाणार नाही. हे वचन लंडन कराराचा भाग नव्हते. ते त्याच्या शेजारी, वेगळ्या कागदांत, उभे होते.

कराराची कलमे आणि त्यातील मौन :

ब्रिटनचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री लॉर्ड माम्सबरी यांच्या कारकिर्दीत या करारावर सह्या झाल्या. पहिल्या कलमाने सातव्या फ्रेडरिकनंतर संपूर्ण डॅनिश राज्याचा वारस म्हणून ख्रिश्चन आणि लुईजापासून झालेला त्याचा पुरुषवंश यांना मान्यता दिली. दुसऱ्या कलमात राज्याच्या अखंडतेचे तत्त्व कायमस्वरूपी मानले गेले. तिसऱ्या कलमानुसार होल्स्टाइन व लाउएनबुर्ग यांच्याबाबत डेन्मार्कचा राजा आणि जर्मन राज्यसंघ यांचे परस्परांचे हक्क व कर्तव्ये अबाधित राहणार होती. इतर राष्ट्रांना करारात सामील होण्याचे निमंत्रण देण्याची तरतूदही करण्यात आली.

या मजकुरात ‘मान्यता’ आहे, ‘हमी’ नाही. हा भेद शब्दच्छलाचा नव्हे. १८३९ च्या लंडन तहात महासत्तांनी बेल्जियमच्या तटस्थतेची हमी घेतली होती. डेन्मार्कच्या बाबतीत त्यांनी केवळ एक गोष्ट आपल्याला मान्य असल्याचे नोंदवले. ती गोष्ट कोणी मोडू पाहिल्यास शस्त्र उचलण्याचे बंधन कोणावरही नव्हते. कोपनहेगनमध्ये मात्र हा करार युरोपने दिलेले संरक्षण म्हणून वाचला गेला.

दुसरे मौन अधिक गंभीर होते. जर्मन राज्यसंघाला या करारात पक्ष करून घेतले गेले नाही. काही जर्मन राज्ये नंतर त्यात सामील झाली, काहींनी नकार दिला. संघसभेने संस्था म्हणून तो कधीच स्वीकारला नाही. डचींतील प्रातिनिधिक सभांना नव्या वारसाविषयी विचारण्यात आले नाही. ऑगस्टेनबुर्गच्या ड्यूकचा हक्क तर पैशाने मिटवण्याचा प्रयत्न झाला. ३० डिसेंबर १८५२ रोजी त्याने आपल्या जमिनींचा मोबदला स्वीकारून, राजाने केलेल्या व्यवस्थेविरुद्ध आपण व आपले कुटुंब काहीही करणार नाही असे लिहून दिले. ही तडजोड घडवण्यात फ्रँकफुर्ट येथील प्रशियाच्या प्रतिनिधीचा मोठा वाटा होता. त्याचे नाव ओटो फॉन बिस्मार्क. ड्यूकचा ज्येष्ठ पुत्र फ्रेडरिक त्या वेळी सज्ञान होता, आणि त्या कागदावर त्याची सही नव्हती.

श्लेस्विगमधील सामान्य रहिवाशाला या घडामोडींची झळ लागली ती शाळेत आणि चर्चमध्ये. १८५१ च्या आदेशांनी मध्य श्लेस्विगच्या मिश्र भागात शाळेची भाषा डॅनिश करण्यात आली आणि प्रार्थना आळीपाळीने दोन्ही भाषांत होऊ लागल्या. हेतू डॅनिश भाषेची पीछेहाट थांबवण्याचा असला, तरी ज्या घरांत जर्मन बोलली जाई तेथे तो अन्याय वाटला. वारसाच्या कायद्यात रस नसलेली कुटुंबेही त्यामुळे एका पक्षाकडे ढकलली गेली.

१८६३ चा पेच :

करारानंतरच्या दशकात डेन्मार्कने सर्व प्रदेशांसाठी सामाईक राज्यघटना चालवण्याचा प्रयत्न केला. १८५५ ची अशी घटना संघसभेच्या विरोधामुळे १८५८ मध्ये होल्स्टाइन व लाउएनबुर्गपुरती रद्द करावी लागली. मग होल्स्टाइनला वेगळे ठेवून श्लेस्विगला मूळ राज्याशी जोडण्याचा विचार बळावला, म्हणजेच १८५२ च्या वचनाच्या नेमका उलट. तशी घटना १३ नोव्हेंबर १८६३ रोजी संसदेने मंजूर केली. दोनच दिवसांनी, तिच्यावर सही करण्यापूर्वी, सातवा फ्रेडरिक मरण पावला.

लंडन कराराने निवडलेला ख्रिश्चन आता नववा ख्रिश्चन म्हणून गादीवर आला. त्याच्यापुढे टाकलेला पहिला महत्त्वाचा कागद ही घटनाच होती. सही केली तर ऑस्ट्रिया-प्रशियाला दिलेले वचन मोडत होते. नाकारली तर राजधानीतील संतप्त जनमत त्याला, जर्मन वंशाचा परका म्हणून, गादीवर राहू देईल याची खात्री नव्हती. १८ नोव्हेंबरला त्याने सही केली. करार करणाऱ्यांनी वारस निवडताना त्याला अशा प्रसंगी कोणाचा आधार असेल याचा विचार केला नव्हता, हे येथे स्पष्ट दिसते.

ऑगस्टेनबुर्गच्या फ्रेडरिकने लगेच स्वतःला डचींचा ड्यूक घोषित केले. वडिलांचे वचन आपल्यावर बंधनकारक नाही, ही त्याची भूमिका होती. संपूर्ण जर्मनीत त्याला प्रचंड पाठिंबा मिळाला. बिस्मार्क मात्र त्या लाटेबरोबर गेला नाही. त्याने आणि ऑस्ट्रियाने अशी भूमिका घेतली की, लंडन करार आपल्याला मान्य आहे. परंतु तो आणि १८५१-५२ ची वचने हा एकच व्यवहार असून डेन्मार्कने आपली बाजू पाळली पाहिजे. ब्रिटिश सरकारच्या मते करार बिनशर्त होता आणि वचने स्वतंत्र होती. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही बाजूंना आधार सापडू शकत होता, कारण या दोन गोष्टींचे नाते कोठेही लिहून ठेवलेले नव्हते. करार पाळण्यासाठीच आपण बळ वापरत आहोत असे म्हणणाऱ्यांविरुद्ध, करार मोडल्याचा आरोप करून युद्ध पुकारणे इतर सत्तांना अवघड होते. बिस्मार्कला नेमके हेच हवे होते.

डिसेंबरमध्ये राज्यसंघाच्या वतीने सॅक्सनी व हॅनोव्हरचे सैन्य होल्स्टाइनमध्ये शिरले. १ फेब्रुवारी १८६४ रोजी ऑस्ट्रिया-प्रशियाच्या सैन्याने आयडर ओलांडून श्लेस्विगमध्ये प्रवेश केला. स्वाक्षरी करणाऱ्या इतर राष्ट्रांपैकी कोणीही मदतीला आले नाही. पोलंडमधील १८६३ च्या उठावाच्या वेळी प्रशियाने केलेल्या सहकार्यामुळे रशिया त्याला दुखवू इच्छीत नव्हता. तिसऱ्या नेपोलियनने सुचवलेली युरोपीय परिषद ब्रिटनने नुकतीच नाकारली होती, त्याचा राग फ्रान्सला होता. पामर्स्टन यांनी जुलै १८६३ मध्ये, डेन्मार्कवर हल्ला करणाऱ्यांना केवळ डेन्मार्कशीच लढावे लागणार नाही, अशा आशयाचे विधान संसदेत केले होते. कोपनहेगनने ते आश्वासन समजले. या प्रश्नाची गुंतागुंत केवळ तिघांनाच कळली होती, त्यांतील एक मेला, एक वेडा झाला आणि तिसरा असलेले आपण ते विसरून गेलो, असे पामर्स्टन म्हणत असल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. तिच्यातील विनोद डेन्मार्कच्या दृष्टीने फारसा हसण्याजोगा नव्हता.

लंडन परिषद आणि कराराचा विलक्षण शेवट :

१८ एप्रिल रोजी ड्युबेल येथील डॅनिश तटबंदी पडली आणि २५ एप्रिलला लंडनमध्ये परिषद भरली. या वेळी जर्मन राज्यसंघाचा प्रतिनिधी प्रथमच मेजावर होता. १२ मे रोजी प्रशियाने जाहीर केले की, युद्धापूर्वीच्या बंधनांतून आपण मुक्त झालो आहोत. जो करार पाळायला लावण्यासाठी सैन्य निघाले होते, तो त्या सैन्याच्या विजयाबरोबरच निकालात निघाला.

यानंतर श्लेस्विगची फाळणी हाच एक मार्ग उरला. डेन्मार्कची तयारी श्लाय खाडी आणि डॅनेवर्कच्या जुन्या तटबंदीची रेषा स्वीकारण्यापुरतीच होती. जर्मन बाजूने फ्लेन्सबुर्ग शहराच्या उत्तरेकडील रेषा पुढे केली. फ्रान्सने तेथील लोकांचे मत घ्यावे असे सुचवले, पण तेही मानले गेले नाही. दोन्ही रेषांमधील अंतर नकाशावर थोडे दिसते. परंतु तेवढ्यावरच २५ जूनला परिषद मोडली आणि चार दिवसांत प्रशियाचे सैन्य आल्स बेटावर उतरले. ३० ऑक्टोबर १८६४ च्या व्हिएन्ना तहाने नवव्या ख्रिश्चनने तिन्ही डचींवरील आपले हक्क ऑस्ट्रियाचा सम्राट आणि प्रशियाचा राजा यांच्या बाजूने सोडले. उत्तर श्लेस्विगमधील सुमारे दोन लाख डॅनिशभाषक जर्मन सत्तेखाली गेले.

आता ऑगस्टेनबुर्गच्या फ्रेडरिकचे काय, हा प्रश्न उरला. प्रशियाने तो आपल्या राजमुकुटाच्या विधिज्ञांकडे सोपवला. १८६५ मध्ये त्यांनी दिलेला अभिप्राय असा की, डचींचा कायदेशीर वारस नववा ख्रिश्चनच होता. त्याने आपले हक्क विजेत्यांना दिले असल्याने फ्रेडरिककडे काहीच उरत नाही. ख्रिश्चनचा तो हक्क लंडन कराराच्या व्यवस्थेतूनच सिद्ध होत होता. म्हणजे डेन्मार्क अखंड ठेवण्यासाठी केलेली व्यवस्था अखेर त्याचे तुकडे तोडणाऱ्याच्या मालकीचा दाखला म्हणून कामी आली. ऑगस्ट १८६५ च्या गास्टाइन करारात ऑस्ट्रियाने लाउएनबुर्गवरील आपला हिस्सा प्रशियाला रोख रकमेत विकला. पुढच्याच वर्षी या दोन विजेत्यांत युद्ध झाले आणि सर्व प्रदेश प्रशियाकडे गेला.

१८६६ च्या प्राग तहाच्या पाचव्या कलमात, उत्तर श्लेस्विगच्या लोकांनी मुक्त मतदानाने इच्छा व्यक्त केल्यास तो भाग डेन्मार्कला द्यावा, अशी तरतूद फ्रान्सच्या आग्रहाने घालण्यात आली होती. मतदान झाले नाही. १८७८ मध्ये ऑस्ट्रिया व जर्मनीने आपसांत ती तरतूद रद्द केली. ज्यांच्यासाठी ती होती त्यांना या वेळीही विचारले गेले नाही. १८८८ पासून तेथील शाळांतून डॅनिश माध्यम हद्दपार झाले. पहिल्या महायुद्धात उत्तर श्लेस्विगमधून सुमारे ३० हजार पुरुष जर्मन सैन्यात गेले. त्यांपैकी पाच हजारांहून अधिक परतले नाहीत.

सार्वमत झाले ते व्हर्सायच्या तहानंतर, १९२० मध्ये. १० फेब्रुवारीला उत्तर विभागात जवळपास ७५ टक्के मते डेन्मार्कच्या बाजूने पडली, तर १४ मार्चला फ्लेन्सबुर्गसह मध्य विभागात सुमारे ८० टक्के मते जर्मनीच्या बाजूने पडली. त्यानुसार आखलेली सीमा फ्लेन्सबुर्गच्या लगेच उत्तरेकडून जाते. सीमेच्या दोन्ही बाजूंना राहिलेल्या अल्पसंख्याकांचे हक्क २९ मार्च १९५५ रोजी बॉन आणि कोपनहेगन येथील सरकारांनी काढलेल्या दोन स्वतंत्र निवेदनांनी मान्य झाले. आपण डॅनिश की जर्मन हे ज्याने त्याने स्वतः ठरवावे आणि अधिकाऱ्यांनी त्याची छाननी करू नये, असे त्या निवेदनांत म्हटले आहे.